‘लॅप्स’ : एका इंग्रजी शब्दाची पारोळ्यापर्यंतची वाट

धुळ्याहून जळगावकडे निघालेली एस. टी. एरंडोलच्या अलीकडे पारोळ्याच्या स्थानकात थांबते. बालाजीच्या रथामुळे हे गाव साऱ्या खानदेशात ठाऊक आहे. गावाच्या ऐन वस्तीत एक भुईकोट किल्ला आहे. घरे आणि बाजार तटाला इतके येऊन भिडले आहेत, की कोठे किल्ला संपतो आणि कोठे गाव सुरू होते हे परक्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. बुरूज खचलेले आहेत, खंदकाच्या खुणा मात्र अजून दिसतात. हरी सदाशिव दामोदर या जहागीरदाराने १७२७ साली हा किल्ला बांधला, अशी नोंद खानदेशच्या १८८० सालच्या गॅझेटियरमध्ये आहे. त्याच नोंदीत पुढे दोन घटना आहेत. १८२१ मध्ये खानदेशचा पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज याच्या जिवावर पारोळ्यात हल्ला करण्याचा प्रयत्न झाला. आणि १८५९ मध्ये मालकाची राजनिष्ठा ढळल्याचे कारण देऊन सरकारने गाव आणि किल्ला जप्त केला व किल्ला पाडून निकामी केला. हे मालक ‘झाशीवाले’ म्हणून ओळखले जात.

खानदेशातल्या पारोळ्याच्या मालकांना ‘झाशीवाले’ का म्हणावे, याचे उत्तर शोधू लागलो, की वाटेत एक इंग्रजी शब्द आडवा येतो. तो शब्द म्हणजे ‘लॅप्स’. शाळेच्या इतिहासात तो आपण सर्वांनी घोकलेला आहे. परंतु त्याचा अर्थ काय, हे किती जणांनी विचारले असेल?

मला तो शब्द प्रथम भेटला तो इतिहासाच्या पुस्तकात नव्हे. मी लहान असताना आमच्या घरी एकदा विम्याचे पत्र आले. बाबांनी ते वाचले आणि न बोलता खिशात ठेवले. आजीने फार खोदून विचारले तेव्हा म्हणाले, “पॉलिसी लॅप्स झाली.” आजीला इंग्रजी येत नव्हते. तिने विचारले, “म्हणजे कोणी नेली?” बाबा म्हणाले, “कोणी नेली नाही, आई. आपोआप गेली. आपला हप्ता चुकला.” आजीला काही ते पटले नाही. आपले पैसे आपोआप कसे जातील, ते कोणाच्या तरी पेटीत गेलेच असतील, असे ती कित्येक दिवस म्हणत होती. तिचा तो प्रश्न पुढे डलहौसीचा इतिहास वाचताना मला वारंवार आठवला.

‘लॅप्स’ हा शब्द लॅटिनमधून आलेला आहे. मूळ क्रियापदाचा अर्थ घसरणे, निसटणे, हळूहळू खाली येणे. धाडकन पडणे निराळे आणि हे निराळे. ओल्या फरशीवर पाय सरकतो, दरडीची माती सुटते, हातातून भांडे निसटते, ते हे घसरणे. यातूनच इंग्रजीत एक मोठे कुटुंब वाढले. इमारत कोसळते तो ‘कोलॅप्स’, बरा झालेला ताप पुन्हा येतो तो ‘रिलॅप्स’, काळ निघून जातो त्याला ‘इलॅप्स’ असे क्रियापद. आपल्या मराठीची गंमत अशी, की यांतल्या दोन अर्थांना आपण एकच शब्द वापरतो. ताप उलटला म्हणजे पुन्हा आला, आणि मुदत उलटली म्हणजे निघून गेली. जिभेच्या बाबतीत तर आपण अगदी लॅटिन माणसासारखेच बोलतो. भलताच शब्द तोंडातून गेला, की आपण म्हणतो, “जीभ घसरली.” रोमन लोक अशा प्रसंगी ‘लाप्सुस लिंग्वे’ म्हणत. अर्थ तोच, प्रतिमाही तीच.

संस्कृताने आपल्याला याच घराण्यातले आणखी काही शब्द दिले आहेत : स्खलन, पतन, च्युती. पदावरून घसरला तो पदच्युत, धर्मापासून ढळला तो धर्मच्युत, आणि जो कधीच ढळत नाही तो अच्युत. सरकारी मराठीत ‘लॅप्स’साठी ‘व्यपगत’ असा शब्द योजला गेला आहे. निधी व्यपगत झाला, आदेश व्यपगत झाला, असे कागदोपत्री लिहितात. शब्द शुद्ध आहे, परंतु तो बोलताना मी तरी कोणाला ऐकलेले नाही. ज्या कारकुनाने तो फायलीत लिहिलेला असतो तोच बाहेर येऊन सांगतो, “साहेब, फंड लॅप्स झाला.”

आपल्या ख्रिस्तसभेला मात्र हा शब्द इंग्रजी भाषा जन्मण्याच्या फार पूर्वीपासून परिचित आहे, आणि तोही मोठ्या दुःखद प्रसंगातून. इ. स. २४९ च्या अखेरीस रोमचा सम्राट देशियस याने फर्मान काढले, की साम्राज्यातील प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करावा, अधिकाऱ्यांसमक्ष धूप जाळावा आणि तसे केल्याचा दाखला घ्यावा. असे काही दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. आपल्याकडच्या तलाठ्याच्या दाखल्याइतकेच ते कोरडे आहेत. अमुक गावचा अमुक, याने आमच्यासमोर बळी दिला, खाली सही. त्या छळात कित्येकांनी प्राण दिले. परंतु त्याहून किती तरी अधिक ख्रिस्ती लोक घाबरले. कोणी बळी दिला, कोणी चिमूटभर धूप टाकला, कोणी पैसे देऊन नुसता दाखलाच मिळवला. या सर्वांना एक नाव पडले : ‘लाप्सी’, म्हणजे घसरलेले.

छळ थांबला आणि हे घसरलेले लोक रडत चर्चच्या दाराशी परत आले. त्यांना आत घ्यावे की नाही? रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या विद्वान धर्मगुरूने ठामपणे नाही म्हटले. जो घसरला तो कायमचा गेला, असे त्याचे मत. परमगुरू कर्नेलियस आणि उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी उलट भूमिका घेतली. सिप्रियन यांनी २५१ मध्ये याच विषयावर, याच शब्दाचे शीर्षक देऊन, एक ग्रंथ लिहिला. घसरणाऱ्यांना त्यांनी पाठीशी घातले नाही, चांगलेच खडसावले. परंतु प्रायश्चित्त घेणाऱ्याला दार बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असा निर्णय कार्थेजच्या सभेने दिला. छळाच्या दिवसांत सिप्रियन स्वतः शहर सोडून लपून राहिले होते आणि त्याबद्दल त्यांना बोल लावणारेही होते. पुढे २५८ मध्ये त्यांनी धर्मासाठी मान दिली. मिस्सातील प्राचीन रोमन प्रार्थनेत ज्या संतांची नावे घेतली जातात, त्यांत कर्नेलियस आणि सिप्रियन ही नावे आजही शेजारी शेजारी येतात. त्यांचा सणही १६ सप्टेंबरला एकत्रच असतो.

ख्रिस्तसभेच्या व्यवहारात या शब्दाला दुसराही एक अर्थ चिकटला, आणि आपल्या पारोळ्याच्या गोष्टीला तोच अधिक जवळचा आहे. मध्ययुगात युरोपातील पुष्कळशा चर्चना जमीनजुमला होता आणि तेथे धर्मगुरू सुचवण्याचा अधिकार एखाद्या जमीनदाराकडे किंवा मठाकडे असे. तो अधिकारी वेळेवर नाव सुचवीना, तर जागा रिकामी राही आणि उत्पन्न भलतेच खात. म्हणून ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने सहा महिन्यांची मुदत घातली. सहा महिन्यांत नेमणूक झाली नाही, तर तो अधिकार वरच्याकडे जाईल. इंग्लंडच्या कायद्यात यालाच ‘लॅप्स’ म्हणत. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोन या नामांकित कायदेपंडिताने आपल्या ग्रंथात लॅप्सची जी व्याख्या केली आहे ती याच प्रकारची आहे. हयगय झाली, मुदत उलटली, म्हणून अधिकार वर गेला. यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक तर ज्याचा अधिकार जाई त्याची काही तरी कसूर झालेली असे. दुसरे असे, की तो अधिकार त्या एका खेपेपुरताच जाई. पुढच्या वेळी जागा रिकामी झाली, की मूळ मालकाचा हक्क पुन्हा जिवंत.

आता आपण हिंदुस्थानात येऊ. १८४८ ते १८५६ या काळात गव्हर्नर-जनरल असलेल्या लॉर्ड डलहौसीने हा शब्द संस्थानांना लावला. कंपनीच्या अधीन असलेला राजा औरस पुत्राविना वारला, तर त्याने घेतलेला दत्तक कंपनीच्या मंजुरीविना गादीवर बसू शकत नाही. मंजुरी मिळाली नाही, की राज्य लॅप्स होऊन कंपनीकडे जाते. ही कल्पना एकट्या डलहौसीची नव्हती. दत्तकाला मान्यता देणे हा अपवाद समजावा, असे कंपनीच्या संचालकांनी १८३४ मध्येच ठरवले होते आणि त्याआधारे १८४० मध्ये आंग्ऱ्यांचे कुलाबा संस्थान गेले होते. डलहौसीने अपवादाचा नियम केला. १८४८ मध्ये सातारा, पुढे संबळपूर, मग १८५३-५४ मध्ये नागपूर आणि झाशी. (अयोध्येचे राज्यही लॅप्सने गेले असे पुष्कळदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. तेथे वारस होता, म्हणून १८५६ मध्ये गैरकारभाराचे कारण पुढे करावे लागले.) साताऱ्याच्या वेळी मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याने या धोरणाला विरोध नोंदवला होता, हेही सांगितले पाहिजे. सगळे इंग्रज एका माळेचे मणी नव्हते.

झाशीचे प्रकरण पारोळ्याशी थेट जोडलेले आहे. झाशीचे राज्यकर्ते नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडील कोट गावचे. पेशवाईत हे घराणे खानदेशात आले आणि एक शाखा पारोळ्यास स्थिरावली. याच घराण्यातील रघुनाथ हरी १७७० च्या सुमारास झाशीचे सुभेदार झाले. पेशव्यांची सत्ता मावळताना, १८१७ च्या तहात, कंपनीने झाशीच्या रामचंद्ररावांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना वंशपरंपरेने राज्यकर्ते म्हणून मान्यता दिली. पुढे गादी गंगाधररावांकडे आली. गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांना १८५१ मध्ये मुलगा झाला, तो काही महिन्यांतच गेला. १८५३ च्या नोव्हेंबरमध्ये गंगाधरराव स्वतः अंथरुणाला खिळले. तेव्हा पारोळ्याच्या शाखेतील वासुदेव नेवाळकर यांचा पाच वर्षांचा मुलगा आनंदराव याला दत्तक घेण्याचे ठरले. २० नोव्हेंबरला विधी झाला, मुलाचे नाव दामोदरराव ठेवले. कंपनीचा अधिकारी एलिस याला बोलावून त्याच्यासमक्ष महाराजांनी दत्तकाला मान्यता मागणारा खलिता त्याच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी महाराज वारले.

येथे क्षणभर थांबून त्या चर्चच्या कायद्यातील लॅप्सशी हे ताडून पाहावे. हयगय झाली होती काय? मरणाच्या आदल्या दिवशी एका आजारी माणसाने आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे वारस नेमला, साक्षीदार बोलावले, सरकारला लेखी कळवले. याहून वेळेवर तो काय करू शकत होता? मुदत उलटली होती काय? मुदत अशी नव्हतीच. उशीर झाला तो कलकत्त्याच्या बाजूने. डलहौसीचा निर्णय व्हायला १८५४ चा फेब्रुवारी उजाडला आणि मार्चमध्ये तो राणीला वाचून दाखवण्यात आला. आणि एका खेपेपुरता गेलेला अधिकार पुढे परत मिळेल, अशी तर त्यात सोयच नव्हती. शब्द तेवढा जुन्या कायद्याचा घेतला. त्याच्याबरोबर येणारी बंधने मात्र तेथेच ठेवली.

दत्तकाबद्दल तर आणखी विचित्र प्रकार घडला. पाच वर्षांचा दामोदरराव हा महाराजांचा मुलगा आहे, त्याने उत्तरक्रिया करावी, महाराजांच्या खाजगी मालमत्तेचा वारसा त्याला आहे, इतके कंपनीने मान्य केले. केवळ राज्याच्या बाबतीत तो मुलगा नव्हे! एकाच मुलाला देवघरात पुत्र म्हणावे आणि दरबारात परका म्हणावे, असा हा न्याय. आपण ख्रिस्ती लोकांनी तर यावर थोडे अधिक थांबायला हवे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात देव आणि मनुष्य यांचे नाते समजावताना दत्तकाचाच दाखला घेतला आहे, आणि मराठी पवित्र शास्त्रातही त्या जागी ‘दत्तकपण’ हाच शब्द आहे. ज्या रोमन कायद्यावरून त्याने हा दाखला घेतला, त्यात दत्तक पुत्र हा पूर्ण वारस असे. सम्राट ऑगस्टस हा जुलियस सीझरचा दत्तकच होता. पौलाचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे : आपण दत्तक आहोत, म्हणून पुत्र आहोत, पुत्र आहोत, म्हणून वारस आहोत. दर रविवारी हे पत्र चर्चमध्ये ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांना झाशीच्या फायलीवर सही करताना ते आठवले नाही काय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

इंग्रजीत या प्रकाराला आणखीही शब्द होते. त्यांची व्युत्पत्ती पाहिली तर त्यातून बरेच काही कळते. सरंजामी कायद्यात निर्वंश कुळाची जमीन सरकारकडे जाई, त्याला ‘एस्चीट’ म्हणत. त्याचाही मूळ अर्थ पडणेच. झाडावरचे फळ खालच्या माणसाच्या झोळीत पडावे तसे. परंतु हे फळ गोळा करणारे अधिकारी इतके लबाड निघाले, की त्या शब्दाचे पहिले अक्षर झडून इंग्रजीत ‘चीट’ म्हणजे फसवणे हा शब्द रूढ झाला. ‘अॅनेक्सेशन’ म्हणजे जोडून, बांधून घेणे. ‘कॉन्फिस्केशन’ मध्ये लॅटिन ‘फिस्कुस’ आहे, त्याचा अर्थ टोपली. पुढे राजाची तिजोरी. म्हणजे उचलून आपल्या टोपलीत टाकणे. या साऱ्यांत ‘लॅप्स’ इतका निरुपद्रवी दिसणारा शब्द दुसरा नाही. बांधायला कोणी तरी बांधणारा लागतो, टोपलीत टाकायला हात लागतो. लॅप्स होण्यास कोणीच लागत नाही. राज्य आपले आपण घसरले, खाली कंपनी उभी होती, तिने झेलले!

हा शब्द मराठीत आणताना आपल्या लेखकांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. संस्थान घसरले, संस्थान निसटले, असे कोणी लिहिले नाही. सगळ्यांनी लिहिले : संस्थान खालसा केले. ‘खालसा’ हा शब्द अरबी-फारसीतून आलेला. मूळ अर्थ शुद्ध, निर्भेळ. मोगलांच्या वसुलाच्या हिशेबात जहागीरदाराच्या हाती न जाता ज्या मुलखाचा महसूल थेट बादशाही खजिन्यात जाई तो मुलूख खालसा. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये आपल्या अनुयायांना जे नाव दिले तेही याच शब्दातून. मध्यस्थाविना थेट गुरूचे ते खालसा. मराठीत मात्र तो दप्तरातला शब्द राहिला, आणि त्याच्यामागे ‘करणे’ हे क्रियापद आले. खालसा केले म्हटले, की लगेच प्रश्न येतो : कोणी केले? आमच्या आजीने विचारला तोच. ‘व्यपगत’ म्हणणाऱ्या सरकारी कोशापेक्षा या बाबतीत जुन्या बखरकारांची आणि शाळामास्तरांची मराठी अधिक खरी आहे, असे माझे मत आहे. आपल्या राज्यघटनेच्या २९६ व्या कलमात वारस नसलेल्या मालमत्तेसंबंधी लिहिताना एस्चीट आणि लॅप्स हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. तेथे ते योग्यच आहेत, कारण तेथे खरोखरच कोणी वारस नसतो.

लक्ष्मीबाईंनी जॉन लँग नावाच्या वकिलाला १८५४ मध्ये झाशीस बोलावून घेतले. पडद्याआडून झालेल्या त्या भेटीचे वर्णन त्याने नंतर छापले आहे. आपली झाशी देणार नाही, हे राणीचे सुप्रसिद्ध उद्गार त्याच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत आले. पलीकडच्या कागदात राज्य आपोआप जात होते. राणीच्या बोलण्यात देणे होते, न देणे होते, म्हणजे देणारा आणि घेणारा दोघेही होते. अर्जविनंत्यांचा उपयोग झाला नाही. दरमहा पाच हजारांचे निवृत्तिवेतन ठरले.

पुढील कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८५७ च्या जूनमध्ये झाशीची फौज उठली आणि शरण आलेल्या इंग्रज स्त्री-पुरुषांची व मुलांची जोखनबागेत कत्तल झाली. हे पातक झाकण्याचे कारण नाही. १८५८ च्या एप्रिलमध्ये सर ह्यू रोज याच्या फौजेने शहर घेतले तेव्हा जो संहार झाला, तो वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी शहरात अडकलेल्या यात्रेकरूच्या डोळ्यांनी पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे यांना पकडून त्याच जोखनबागेत फाशी दिले गेले. जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ राणी पडली.

आणि त्यानंतरच्या वर्षी पारोळ्याची पाळी आली. या वेळी ‘लॅप्स’ हा शब्द वापरावा लागला नाही. मालक जिवंत होते, वारसाचा प्रश्नच नव्हता. सरळ जप्ती झाली. तट पाडला गेला. एकाच घराण्याने पाच वर्षांच्या अंतराने दोन ठिकाणी सर्वस्व गमावले. झाशीला त्याचे नाव घसरणे होते, पारोळ्याला हिसकावणे. दत्तक घेतलेले मूल ज्या अंगणातले, त्या अंगणाचीही भिंत उभी राहिली नाही. १८५९ चा तो कागद निदान स्पष्ट बोलतो, आणि म्हणून मला १८५४ च्या कागदापेक्षा तो अधिक प्रामाणिक वाटतो.

ज्या कॅप्टन ब्रिग्जच्या जिवावर १८२१ मध्ये पारोळ्यात हल्ल्याचा प्रयत्न झाला, त्याचे पुढे काय झाले? जॉन ब्रिग्ज हा फारसीचा जाणकार. फरिश्त्याच्या इतिहासाचे त्याने केलेले भाषांतर अभ्यासक अजून वापरतात. खानदेशानंतर ग्रँट डफच्या जागी तो साताऱ्यास रेसिडेंट झाला, नंतर नागपूरलाही होता. म्हणजे लॅप्सने जी राज्ये जायची होती त्यांतली दोन त्याने आतून पाहिली होती. इंग्लंडला परतल्यावर तो कंपनीच्या भागधारकांच्या सभेत बसू लागला आणि तेथे डलहौसीच्या संस्थाने खालसा करण्याच्या धोरणाचा तो विरोधक ठरला. पारोळ्यात त्याच्यावर चालून जाणाऱ्यांना हे कळते, तर त्यांना काय वाटले असते कोण जाणे. १८७५ मध्ये तो वारला.

१८५७ च्या आगीनंतर हे धोरण टाकून देण्यात आले. १८५८ च्या नोव्हेंबरमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्याने संस्थानिकांना अभय दिले आणि १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगने दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा वाटल्या. जी संस्थाने उरली होती त्यांना त्यांचा लाभ झाला. पारोळ्याचा आनंदराव, म्हणजेच झाशीचा दामोदरराव, याला मात्र अशी सनद मिळाली नाही. लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर तो मुलगा काही विश्वासू माणसांबरोबर रानावनांतून भटकला. शेवटी इंदूरला इंग्रज अधिकाऱ्यांपुढे हजर झाला. तेथेच अल्पशा निवृत्तिवेतनावर त्याचे आयुष्य गेले. १९०६ मध्ये तो वारला. नेवाळकर हे जुने आडनाव मागे पडले. त्याचे वंशज ‘झाशीवाले’ असे नाव लावू लागले.